केवळाबाईची बाज

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. बाभळीचं लाकूड, अंबाडीची दोरी. बोरीजवळच्या वस्तीवर मुंजाजी सुतारानं मला घडवलं. पाव्हणे आले की मला अंगणात टाकायचे, आणि तेही माझी वीण वाखाणायचे.

निजामी राज्याच्या शेवटच्या वर्षांत मात्र मी घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेले. घरची केवळाबाई जन्मभर मेंढरांमागे हिंडलेली. म्हातारपणी तिचे दोन्ही गुडघे धरले. एकदा पाणी आणताना तोल गेला आणि ती पडली. मुलगा रायभान घाबरला. तिला उचलून त्यानं माझ्यावर ठेवलं. "आई, आता उतरायचं न्हाई. समदं जाग्यावर देतो."

बोलला मायेनंच, पण त्या मायेत म्हातारी कोंडली गेली. दोन वर्षं ती माझ्यावर होती. माझी दोरी सैलावली, मधे झोळ पडला, त्यातून तिला नुसतं उठून बसणंही जमेना. बाहेर मेंढरं ओरडली की ती दाराकडे बघायची, मग भिंतीकडे तोंड फिरवायची.

एकदा भुजंग वस्ताद घोंगडी घ्यायला आले. मानवतच्या तालमीत त्यांनी लय पोरं घडवलेली. केवळाबाईला पाय सरळ करायला सांगून ते बघत राहिले.

"अक्का, गुडघ्याची झीज भरून यायची न्हाई. पण मांडीत जोर आला तर गुडघ्यावरचा भार हलका व्हतो. पडून ऱ्हायलीस तर हाय तेबी जाईल."

सून कासाबाईनं माझी दोरी ताणली, आणि वस्ताद येऊन कसरत शिकवू लागले. केवळाबाई काठावर बसून एकेक पाय सरळ धरायची. आकडे येत नव्हते, म्हणून दहा मेंढरांची नावं घेईपर्यंत. मग हात न टेकता उठायचं, हळू बसायचं. शेवटी खांब धरून एका पायावर उभं राहायचं. पाचव्याच दिवशी ती कलंडली. रायभाननं ते पाहिलं आणि वस्तादांना सांगितलं, "पुन्हा येऊ नका."

तरी तो रानात गेला की सासू-सुना रोज तेच करत. दुखायचंच, पण पाय थरथरायचे थांबले.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं वस्ती निजामी हद्दीपल्याड, वऱ्हाडाकडे निघाली. रायभान म्हणाला, "तुमी जा. आईला टाकून मी येत न्हाई."

केवळाबाई हात न टेकता उठली, काठी घेतली आणि उंबरा ओलांडला.

"कवापासून, आई?"

"तू रानात गेलास की रोज."

दाराला कुलूप लागलं. आता आत मी एकटीच कोंडली गेले. उंदरांनी दोरी कुरतडली, आणि केवळाबाई पोचली का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

पावसाळा सरता सरता निजामी राज्य पडलं, वस्ती परतली आणि कुलूप निघालं. केवळाबाई काठी टेकत, लंगडत, पण आपल्या पायांनी आत आली. मेंढरांच्या चालीनं तीन दिवसांत हद्द गाठली होती म्हणे. रायभान माझ्यावर वाकळ अंथरू लागला.

"ऱ्हाऊ दे. मेंढरांकडं जाऊन येते."

त्यानं तिला उचललं नाही. फक्त हात पुढे केला.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला असाच हात द्या. उचलून ठेवलेल्या माणसाला खाली उतरायला फार दिवस लागतात.