लिंबाच्या वळणावर अडणारी जीप

"मोबाइल खाली करा! भुताची सवारी निघून राह्यली!"

आदिनाथ महाराजांचा आवाज चढला, तशी वळणावरची गर्दी दोन पावलं मागं सरली. मोबाइल मात्र एकाचाही खाली आला नाही. रस्त्याच्या कडेला भागवतची जीप बॉनेट उघडून उभी होती. आतल्या बायका उतरून पदरानं वारा घेत होत्या. मे महिन्यातली टळटळीत दुपार.

महाराजांनी बादलीतून एक ओला हिरवा खण काढला. इंजिनाच्या कडेला एक जागा चाचपडून तिथंच तो अंथरला, वर लिंबू ठेवलं आणि डोळे मिटले.

"ऱ्हीम फट, ऱ्हूम फट! रस्ता दे माय, रस्ता दे! पोटातली भूक सोड, मनातला राग सोड!"

हा मंत्र बराच वेळ चालला. मध्ये महाराजांनी खण पुन्हा दोनदा भिजवला, एकदा चहा घेतला. भुतालाही त्या दिवशी घाई नसावी. शेवटी त्यांनी हात वर केला. "मार किल्ली, भागवत!"

भागवतनं किल्ली फिरवली. जीप सुरू झाली. शिट्ट्या झाल्या, नारळ फुटला, बायकांनी हात जोडले.

गलका न करणारी एकच बाई तिथं होती. कडूबाई. ती लिंबाच्या बुंध्याशी बसलेली होती. इंजिनाचा आवाज आला तसं तिनं फडकं सोडलं, बाजरीची भाकरी मुळाशी ठेवली आणि हळूच म्हणाली, "जेव बाई, जेव. आता तरी राग सोड."

मीना तिची थोरली लेक. मंठ्याच्या कॉलेजात शिकायची. हिवाळ्यात मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसून जाताना याच वळणावर पडली आणि गेली. त्या सकाळी सारखा मोबाइल बघण्यावरून मायलेकींची वादावादी झाली होती. मीना डबा न घेता, न जेवता निघाली होती. अंत्यविधीच्या वेळी कडूबाई साऱ्या गावादेखत ओरडून रडली, "उपाशी गेली हो माझी लेक! माझ्यावर रागावून गेली!"

ते गावानं ऐकलं. महाराजांनीही ऐकलं.

उन्हाळ्यात भागवतची जीप मंठ्याहून परतताना याच वळणावर बंद पडायला लागली. महाराजांनी कडूबाईजवळ बसून मीनाचं नाव काढलं आणि लिंबाकडं बोट केलं. "पोरगी उपाशी हाय. आईवर रुसली हाय. आईच्या हातचा घास घेतल्याबिगर गाडी सोडणार न्हाई."

तेव्हापासून कडूबाई रोज भर दुपारी गावातून चालत इथं यायची. जीप गेल्यावरच स्वतः तोंडात घास घालायची. कधी जीप उशिरा यायची, कधी यायचीच नाही. त्या दिवशी ती उपाशीच परत जायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकाव्यात इतकी ती वाळली. नवरा कचरू शेळ्यांमागं रानात जायचा. लेक गेल्यापासून त्याचा शब्द कोणी ऐकला नव्हता. आणि जीपमधल्या बायका?

"कडूबाई, समजवा ना तुमच्या लेकीला! घरच्या कामाचा टाइम चुकून राह्यला आमचा."

"जिवंतपणी आईचं ऐकलं न्हाई, आता काय ऐकती!"

कडूबाई मान खाली घालून ऐकून घ्यायची.

मी या गावच्या शाळेत शिकवत होतो. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी पोरं ओट्यावर येऊन बसतात. एके काळी मीना यायची, आता तिची धाकटी बहीण अंजू येते. पाचवीत आहे. त्या संध्याकाळी बाकीची पोरं गेली तरी ती बसून राहिली.

"गुरुजी, ताई सकाळी कुठं असती?"

"म्हणजे गं?"

"तीच जीप सकाळी त्याच वळणावरून मंठ्याला जाती. तवा एकदाबी थांबली न्हाई. ताई दुपारच्यालाच रागावती का?"

इतक्या माणसांनी व्हिडिओ काढले, पण हे कोणालाच सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "प्रश्न बराबर आहे. महाराजांनाच विचार. मी उभा राहतो तुझ्याशेजारी."

दुसऱ्या दिवशी तिनं गर्दीत विचारलं. महाराज हसले.

"सकाळच्याला ती झोपून राह्यती, बाळा."

"आमची ताई तर सगळ्यांच्या आधी उठायची."

काही जण हसले. मग लिंबाखालून कडूबाईचा आवाज आला, "हो. उठायची. मला चहा करून द्यायची."

हसणं थांबलं. महाराज गरजले, "न्या पोरीला घरी! हिच्यावरबी सावली पडंल!"

मी भागवतला बाजूला घेतलं. "मेकॅनिकला दाखवलीस का रे गाडी?"

"दाखवली की गुरुजी. फिल्टर बदलला, बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेतो, तवर गाडी थंड होती आन् मंग मक्खन चालती. त्याला काय दिसणार?"

"थंड झाली की चालते?"

"हो. म्हणजे... मंत्र झाल्यावर."

"आणि मंत्र कुठवर चालतो?"

भागवतनं माझ्याकडं पाहिलं, महाराजांकडं पाहिलं. "गाडी थंड होईस्तोवर," तो हळूच म्हणाला.

आम्ही मंठ्याच्या गॅरेजमध्ये जायचं ठरवलं. महाराजांनाही बोलावलं. ते म्हणाले, "माझं दैवत डिझेलच्या वासाला येत न्हाई." कडूबाईला मीच घेऊन गेलो. तिच्या डोळ्यांसमोर झालं नसतं, तर त्याचा काही उपयोग नव्हता. तिला ते किती लागेल, याचा अंदाज मात्र मला नव्हता. अंजू आणि गावातली दहा-बारा माणसंही मागून आली.

गॅरेजवाल्या धम्मपालनं जीप चालू करून ठेवली, कॉम्प्युटर लावून पाहिला. काही दोष दिसेना. तेव्हा त्यानं रंग वाळवायचा गरम हवेचा पंखा आणला आणि बॉनेटखालच्या एका चपट्या पत्र्याच्या डबीवर धरला.

"अंजू, इकडं ये," मी म्हणालो. "याला ईसीएम म्हणतात. हा गाडीचा मेंदू. इंजिनात डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं, हे हाच सांगतो. हा गप्प झाला की गाडी गप्प."

डबी तापत गेली. इंजिन एकदा अडखळलं आणि बंद पडलं.

सगळे "अरे!" म्हणाले. आणि बाकावर बसलेली कडूबाई ताडकन उठली. तिनं दारात पाहिलं, भिंतीला टेकलेल्या टायरांमागं पाहिलं.

"मीना? इथं आलीस का गं?"

या वेळी कोणी हसलं नाही.

अंजू पुढं झाली. तिनं फडकं पाण्यात भिजवलं आणि त्या डबीवर ठेवलं. आम्ही थांबलो. मंत्र नाही, लिंबू नाही. थोड्या वेळानं भागवतनं किल्ली फिरवली. जीप सुरू झाली.

धम्मपालनं डबी काढली, उघडली आणि भिंगाखाली धरली. आत तारा जोडणारा सोल्डरचा एक टाका केसाएवढा तडकला होता. तापला की फाकायचा, गार झाला की पुन्हा चिकटायचा. सकाळी इंजिन गार असायचं, म्हणून जीप बिनबोभाट जायची. दुपारी भागवत स्टँडवर इंजिन चालू ठेवूनच सवाऱ्या गोळा करायचा, वरून ऊन, गाडी खचाखच, त्यात वळणाआधीचा चढ. तिथवर येईतो डबी पुरती तापलेली असायची.

"तुमच्या महाराजांना हे नक्की माहीत आसंल," धम्मपाल म्हणाला. "वडीगोद्रीला ट्रकवर क्लीनर होते ते. तापलेल्या गाडीवर ओलं पोतं टाकायचं कामच होतं त्यांचं. न्हाईतर खण बराबर डबीवरच कसा पडायचा?"

भागवत खाली बघत बसला. गावची माणसं एकेक करून बाहेर सटकली.

कडूबाई माझ्यासमोर आली. "मंग ती तिथं नव्हतीच, गुरुजी?"

"न्हाई, बाई."

"भाकरी?"

"कुत्री खायची. मी पाह्यलंय."

"म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती?"

खोटं बोलायला ती जागा फार सोपी होती. पण खोट्यानंच तिची ही गत केली होती. "त्या सकाळी रागावली असंल. जरूर रागावली असंल. संध्याकाळी घरी आली असती तर विसरली असती, पोरं विसरतात. पण गेलेल्या माणसाला राग न्हाई आणि भूकबी न्हाई. तिनं तुम्हाला एक दिवसबी छळलं न्हाई, कडूबाई. गाडी त्या डबीनं थांबवली."

तिनं ती डबी हातात घेतली. मग म्हणाली, "रागानं का होईना, रोज भेटत होती. आता कुठं जाऊ?"

अंजू तिला बिलगली.

नवी डबी जालन्याहून यायला काही दिवस गेले. धम्मपालनं लॅपटॉप लावून नव्या डबीला गाडीची ओळख करून दिली, तेव्हा कुठं तिनं किल्ली मानली. त्या दिवशी आम्ही पुन्हा मंठ्याला गेलो होतो आणि भर दुपारीच परत निघालो. जीप भरलेली, ऊन तसंच. चढ आला. लिंबाचं वळण आलं आणि जीप न अडखळता पुढं निघाली.

"भागवत, थांबव जरा," कडूबाई म्हणाली.

भागवतनं ब्रेक दाबला. ती उतरली, लिंबाखाली गेली. फडक्यातली भाकरी सोडली, तिथंच बसली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. चावता चावता तिला हुंदका फुटला. अंजू खाली उतरून तिच्याजवळ जाऊन बसली. मग ज्या बायका रोज टोमणे मारायच्या, त्यातली एक उतरली, मग दुसरी. घरच्या कामाचं नाव कोणी काढलं नाही.

महाराज गावातून निघून गेले; आता दुसऱ्या कुठल्यातरी गावी असतील. तिथंही एखादी गाडी तापत असेल, एखादी आई रडत असेल.

मुलांनो, गाडी थांबली तर बॉनेट उघडा. कधी थांबते, कधी थांबत नाही, हे बघा आणि अंजूसारखं विचारा. कोणी गप्प बसवलं तर पुन्हा विचारा. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. मीना गेल्यावर कडूबाईजवळ बसून तिच्या लेकीचं नाव काढणारा पहिला माणूस तो लबाड बुवा होता. आपण सगळे कामात होतो. पुढच्या वेळी त्याच्या आधी आपण गेलं पाहिजे.