मोहरीच्या पिशव्या

तपासणीला ताईला मीच ओढून नेलं होतं. आईच्या रक्तात जनुकातला एक बदल सापडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तो मुलींकडे येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. जिच्याकडे येईल तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ जास्त. तेव्हापासून मी वाचून वाचून डोळ्यांची वाट लावली. ताईनं एक ओळ वाचली नाही. "आपल्या घरात काळजीवाहू सरकार आहे ना," ती म्हणायची. काळजीवाहू सरकार म्हणजे मी.

रिपोर्ट आले. बदल ताईकडे होता. माझ्याकडे नव्हता.

मी सुटले. माझी तान्ही लेकही सुटली, कारण माझ्याकडेच नाही ते तिला माझ्याकडून मिळणार कुठून. मला रडू आलं. आईनं जवळ घेतलं, पण एका हातानं. दुसरा हात ताईच्या पाठीवर होता, आणि तो जास्त वेळ राहिला. असलं बघायची मला खोडच आहे.

मग आईचा फोन यायचा तो ताईबद्दल बोलायला. माझ्या मुलीला ताप आला तर "उतरेल गं" एवढंच. ताईला अजून काही झालंही नव्हतं. तिनं आजार यायच्या आधीच दोन्ही स्तन काढून टाकायचं ठरवलं, तेही आईशी बोलून. दवाखान्यात सोबत मी राहते म्हटलं, तर म्हणाली, "तू नको. प्रश्न विचारून विचारून डॉक्टरांनाच आजारी पाडशील." सगळे हसले. मीही हसले, ओठांनी.

ताईच्या ऑपरेशनआधीच्या शनिवारी मुलीला घेऊन आईकडे गेले. आई शिवणकाम करते. पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. दारातूनच हसणं ऐकू आलं. कापड बेतायच्या टेबलावर स्वयंपाकघरातला वजनाचा काटा, वाटीत मोहरी, कापूस आणि कापडाच्या दोन गोल पिशव्या. कर्करोगात एक स्तन काढल्यापासून आई ब्लाउजच्या डाव्या बाजूला अशीच पिशवी घालते, कापसाची, वजनाला आत मोहरी. मला ती फक्त दोरीवरून ठाऊक. तिची खोळ टॉवेलच्या मागे वाळत असायची आणि मी नजर वळवायचे. इतक्या वर्षांत तिनं ती माझ्या हातात कधी दिली नव्हती.

"आई, जरा मोठं माप घे," ताई म्हणत होती. "वरच्यानं कंजूषपणा केला, तू तरी करू नकोस."

"आणि तलावात उतरलीस की मोहरीला मोड येतील," आई म्हणाली. ताई पोहायला शिकवते.

मला बघून दोघी गप्प झाल्या, पाहुणी आल्यासारख्या.

"ये गं, बस," आई म्हणाली. "तुझं बरं आहे, तुला यातलं काही नको."

"उजवी ओघळलीये," मी म्हणाले. आवाज हवा त्यापेक्षा तिखट निघाला.

"काट्यावर दोन्ही सारख्या आहेत," ताई म्हणाली.

"वजन नाही म्हणत मी. मोहरी सगळी खालच्या कोपऱ्यात गेलीये. घातली की दिसेल."

आईनं चष्मा चढवून पाहिलं. "खरंच की. माझीही अशीच होते. कधी बोलली नाहीस ती?"

"तू कधी दाखवलीस?"

आई दोऱ्याचं टोक शोधत राहिली. "तू घाबरट गं पहिल्यापासून. म्हटलं, झोप उडेल तुझी."

तेवढ्यात मुलगी रडायला लागली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठ करून बसले आणि तिला पाजायला घेतलं. समोर गिऱ्हाइकांसाठी लावलेला उभा आरसा होता. त्यात ताई दिसत होती. ती माझ्याकडे नाही, माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघत होती, दुधाकडे. ती नजर मी ओळखली. मघाशी दारात माझी तीच होती.

ताईची लेक अजून शाळेत आहे. तिच्याकडे तो बदल आलाय का, हे ती मोठी होईपर्यंत कळणार नाही.

"हिला कधी तपासायला नाही ना लागायचं त्याच्यासाठी?" ताईनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"नाही."

"बरं आहे हिचं."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "पाठ कशाला केली होतीस मघाशी?" ताई म्हणाली.

"दे ती पिशवी इकडे," मी म्हणाले.

ताईनं ती माझ्या मोकळ्या हातात ठेवली. तिच्या हातानं कोमट झाली होती. मी अंगठ्यानं मोहरी मधे सारत बसले. ताई माझ्या मुलीकडे बघत होती, आणि आई ताईकडे.