दहा ते बाराची बाई

"येऊ का बाई?"

लेक स्वयंपाकघराच्या दारात वही छातीशी धरून उभी होती. पाचच मिनिटांपूर्वी ह्याच मुलीने केसांत गुंतलेला कंगवा माझ्याकडून सोडवून घेतला होता आणि "आई, हळू ना!" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. पण दहाच्या ठोक्याला टेबलावरची पितळी घंटी वाजली की मी आई नसते. बारापर्यंत मी बाई.

"या, बसा. उशीर झाला का?"

"नाही बाई. घरून वेळेत निघाले होते."

तीन वर्षं ती हा विनोद रोज करते. पूर्वी आम्ही दोघी हसायचो.

ही पद्धत माझीच. सातवीत असताना तिला शाळेच्या जिन्यात फिट आली. सहा पायऱ्या गडगडत खाली आली, कपाळाला चार टाके पडले. मी तेव्हा दुसऱ्या एका शाळेत भाषा शिकवत होते. महिन्याभरात नोकरी सोडली आणि तिला घरी घेऊन बसले. गणित, विज्ञान तिचा बाबा संध्याकाळी बघतो. साहित्य आणि लेखन माझ्याकडे. सुरुवातीलाच कळलं की आई म्हणून शिकवायला बसलं, तर कवितेच्या मधेच तोंडातून "दूध संपव आधी" निघतं. म्हणून घंटी. बाईंनी दुधाचं बोलायचं नाही, आईने गुणांचं बोलायचं नाही. बाईंनी तिला अहोजाहो करायचं. मत पटलं नाही म्हणून गुण कापायचे नाहीत. बसायच्या जागाही ठरलेल्या. तिची पाठ खिडकीकडे, म्हणजे रस्त्यावर लक्ष जायला नको, आणि तिच्या समोर मी.

दोन वर्षांत एकही फिट आलेली नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा आणि पाठवा तिला शाळेत. तुम्हीही जरा बाहेर पडा." मला त्या दुसऱ्या वाक्याचा जास्त राग आला. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेने दहावीच्या वर्गात एक जागा ठेवली होती. फॉर्म द्यायची मुदत आज एक वाजेपर्यंत. तो फॉर्म पंधरा दिवस जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली पडला होता. कुणी विषय काढला की मी म्हणायची, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना नवऱ्याने विचारलंच, "आज शेवटची तारीख ना गं?"

"बघू."

तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात त्याची वीस वर्षं गेली. "आत अडकलेला माणूस दार बडवत असला ना, की मला काळजी नसते," तो म्हणाला. "आतून आवाजच येत नाही, तिथे मी जिने धावत चढतो. पोरगी हल्ली फार शांत झालीय."

"माझ्या लेकीला तुझ्या लिफ्टमध्ये कोंबू नकोस."

"मी फक्त लेकीबद्दल बोलतोय असं कोण म्हणालं?" असं म्हणून तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघून गेला. बोलायचं आणि पळ काढायचा, ही त्याची जुनी खोड.

तास सुरू झाला. एक कविता वाचून झाली. मग पत्रलेखन, वीस गुण, चाळीस मिनिटं.

"बाई, आज पत्र कुणालाही लिहिलं तर चालेल?"

"चालेल. पण खरं लिहा. मागचं नगरपालिकेला लिहिलंत, त्यात एक वाक्य खरं असेल तर शपथ."

ती मान खाली घालून लिहू लागली. खालच्या शिंप्याचं मशीन धडधडत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. बसथांब्यावर उभी राहून एक बाई सफरचंद खात होती, कुणाची वाट बघत नसल्यासारखी. मला तिचा हेवा वाटला. शेवटचं असं नुसतं उभं मी कधी राहिले होते, ते काही केल्या आठवेना.

"झालं, बाई."

वही माझ्याकडे आली. मी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्याच ओळीला थबकले.

'प्रिय आई,

फॉर्म मला सापडला. होता तसा परत ठेवला. तू मला तळहाताच्या फोडासारखं जपलंस, हे मी कधी विसरणार नाही. पण मी आंघोळीला गेले की तू दाराबाहेर उभी असतेस. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारतेस. म्हणून मी नळ सोडून ठेवून रडते. मला पडायची भीती वाटत नाही. मी शाळेत गेले तर दहा वाजता तू काय करशील, ह्याची भीती वाटते. म्हणून इतके दिवस विचारलं नाही. पण तेवढ्यासाठी मी घरी राहायचं का, आई? तोंडी विचारलं असतं, तर तू बघू म्हणाली असतीस.

तुझीच लेक.'

मी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग राग आला, खोटं कशाला बोलू? एवढं सगळं सोडलं ते हिच्यासाठीच ना? 'विषयांतर' असा शेरा लिहायला मी पेन टेकवलंसुद्धा. कागदावर लाल ठिपका उमटला. पण मत पटलं नाही म्हणून गुण कापायचे नाहीत. शिवाय पत्रात विषयांतर नव्हतंच.

मी एकोणीस गुण लिहिले.

"एक का कापला, बाई?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"काय हवंय ते तुम्ही कुठेच सरळ मागितलं नाही. पत्रात मागावं लागतं."

तिने वही ओढून घेतली आणि 'तुझीच लेक'च्या वर एक ओळ घुसवली. 'मला शाळेत जायचं आहे. सही कर.'

मी एकोणीस खोडून वीस केले.

मग उठून गठ्ठ्याखालचा फॉर्म काढला. त्यावर सह्यांच्या दोन ओळी होत्या, एक आधीच्या शिक्षकांची, एक पालकांची. शिक्षकांच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'मुलगी खरं लिहिते.' खाली झोकात सही ठोकली.

"बाई, आई करेल सही?"

"तिचं मी कसं सांगू? बारा वाजू द्या."

बाराला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत मी काहीही शिकवलं नाही. दोघी समोरासमोर बसून घड्याळ बघत राहिलो. बारा वाजले तशी तिनेच हात लांब करून घंटी वाजवली.

"आई."

मी सही केली. वरची आणि खालची सही एकाच बाईची आहे, असं कुणी म्हणणार नाही.

"थांब, चप्पल घालते, मी येते बरोबर," मी म्हणाले. ती फॉर्म हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बरं, जा. जिना नीट उतर."

तिची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. मग खिडकीकडे धावले. रस्त्याच्या कडेला ती थांबली, दोन्हीकडे बघितलं, पलीकडे गेली. वर एकदाही पाहिलं नाही. बसथांब्यापाशी वळली आणि दिसेनाशी झाली.  मग हाताला लागली ती खुर्ची ओढून बसले.

ती तिची खुर्ची होती. तीन वर्षांत मी तिथे एकदाही बसले नव्हते. तिथून रस्ता दिसत नाही, बसथांबा दिसत नाही. समोर फक्त माझी खुर्ची दिसते.