शेवाळावरची पावलं

शिंपीणबाईंची मुलगी पाच वर्षांची. घरात सगळे तिला पिटुकली म्हणत. तिला जग फार मोठ्या आवाजात ऐकू यायचं. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात, आणि ओल्या फरशीवर पाऊल पडलं की घर डोक्यावर घ्यायची. "लाडावून ठेवलीय," शेजारीण म्हणायची. मुलीला टोचू नये म्हणून आई तिच्या फ्रॉकची शिवण बाहेरच्या बाजूला घालायची.

मामा एका रोपवाटिकेत कामाला होता. आईकडे गणवेशांचं मोठं काम आलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, दुपारची हिला माझ्याकडे सोड. तिथे हिला रागावणारं कोणी नाही."

पहिले दोन दिवस पिटुकली बूट घालून एका पोत्यावर उभी राहिली. वर हिरवी जाळी होती. खालचा उजेडही हिरवा, पाण्याच्या तळाशी असतो तसा. मामा कुंड्यांत माती भरत राहिला.

तिसऱ्या दिवशी एका पानावरून थेंब ओघळला. तिने बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. मग बराच वेळ ती थेंबच झेलत बसली.

पाचव्या दिवशी तिने आपणहून बूट काढले. पाण्याच्या टाकीमागे शेवाळ होतं, जाड, गार. तिने आधी अंगठा टेकवला. मामाचे हात मातीतच थांबले, पण त्याने मान वर केली नाही.

"मामा, हे मऊ मला धरून ठेवतंय."

"धरू दे की."

ती डोळे मिटून उभी राहिली. पानं सळसळत होती, कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि ती गुणगुणायला लागली.

घरी रडणं काही एका दिवसात थांबलं नाही. पण आता ती रडता रडता गॅलरीत जायची, मामाने दिलेल्या मातीच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात खुपसायची. हळूहळू खांदे सैल पडायचे.

काम संपलं त्या रविवारी आईही रोपवाटिकेत आली.

"चप्पल काढ. आधी अंगठा," पिटुकलीने बजावलं.

आईने भेगाळलेली टाच शेवाळावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. दोन मिनिटांत तिला गाढ झोप लागली.

मामा हाक मारणार, तोच पिटुकलीने ओठांवर मातकट बोट ठेवलं.