पिवळ्या ठिगळाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी लाल छत्री आहे. पण पावसात भिजणाऱ्या साध्यासुध्या छत्र्यांत मला धरू नका हं! इतर छत्र्यांखाली लोक उभे राहतात. माझ्यामागे लोक चालतात.

माझी मालकीण गाईड आहे. जुन्या शहरातले बोळ, घड्याळाचा मनोरा, नदीकडे उतरणाऱ्या एकशे बारा पायऱ्या, हे सारे ती पाहुण्यांना दाखवते. गर्दीत कोणी चुकू नये म्हणून मला उघडून उंच धरते. तिचे नाव पाहुण्यांच्या जिभेवर काही बसत नाही, म्हणून सगळे तिला छत्रीताई म्हणतात. बघा, नावातही आधी मी आणि मग ती!

माझा जन्म कारखान्यात झाला. आठ काड्या, लाकडी मूठ आणि लालभडक कापड. दुकानात मी अकरा महिने पडून होते, कारण इतका भडक रंग कुणालाच नको होता. ताईने मात्र मला रस्त्यावरूनच हेरले. हीच द्या, हरवायची म्हटली तरी हरवणार नाही, असे ती दुकानदाराला म्हणाली.

पहिली सहा वर्षे मी नुसती मिरवले. मग एकदा मनोऱ्याच्या लोखंडी फाटकात अडकून माझे कापड टर्रकन फाटले. ताईची आई शिवणकाम करते. तिच्याकडे लाल कापड नव्हते, म्हणून तिने पिवळा, ठिपक्यांचा तुकडा लावला, तोही हिरव्या दोऱ्याने! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढची चार वर्षे मी कामावर जात होते खरी, पण ठिगळ मागच्या बाजूला राहावे म्हणून मनातल्या मनात धडपडत होते.

मग साथ आली. रस्ते ओस पडले, पाहुणे यायचे थांबले. मी दारामागच्या खिळ्याला लटकले. एका कोळ्याने माझ्या काड्यांत बिऱ्हाड थाटले आणि मी ते मुकाट्याने सोसले. ताईला औषधांच्या गोदामात नोकरी मिळत होती. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. होकार गेला असता, तर त्या खिळ्यावरून मला पुन्हा कोणी उतरवले नसते. फार वाईट दिवस होते ते.

त्यातच बातमी आली. पर्यटनावर पोट असणाऱ्यांना सरकार सहा महिने घरखर्चाला मदत देणार होते. अट एकच होती. काम साथीच्या आधीपासूनचे हवे आणि त्याचा पुरावा हवा. ताईला ना दुकान, ना पाटी. अर्जात ‘व्यवसायाचे ठिकाण’ या रकान्यात तिने भाबडेपणाने लिहून टाकले, ‘लाल छत्री असेल तिथे.’

कचेरीतल्या मॅडमनी अर्ज परत केला. ही थट्टेची जागा नाही, जुने फोटो असतील तर घेऊन या, असे त्यांनी सुनावले. ताईने जुन्या पाहुण्यांना फोनवरून निरोप धाडले. चार दिवसांत साठेक फोटो आले. प्रत्येक फोटोत मी मधोमध, ऐटीत! ताई मात्र एकातही नव्हती. फोटोची वेळ आली की ती मला कुणाच्या तरी हातात देई आणि स्वतः फोटो काढी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई, तिची आई आणि मी अशा तिघी कचेरीत गेलो. मॅडमनी काचेपलीकडून सगळे फोटो पाहिले.

“छत्री दिसते आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?”

“मी फोटो काढत होते, मॅडम,” ताई म्हणाली.

लाल छत्र्या बाजारात ढिगाने मिळतात, असे म्हणत मॅडम कागद परत सरकवू लागल्या. माझी तर पाचावर धारण बसली. तेवढ्यात ताईची आई पुढे झाली आणि तिने मला फट्कन उघडले.

“छत्री मिळेल हो बाजारात. हे ठिगळ नाही मिळायचं. माझ्या हातचे टाके आहेत, लावून बघा फोटोशी.”

मॅडमनी खरेच लावून पाहिले. ठिपके तेच, हिरवा दोरा तोच, कोपऱ्यातला एक वाकडा टाकासुद्धा तोच. ज्या ठिगळाची मला इतकी लाज वाटत होती, तेच माझ्या ताईची साक्ष देत होते. फुगायचेच तर छत्रीइतके कुणाला जमणार? मी अशी फुगले म्हणता! मॅडमनी अर्जावर शिक्का मारला. ताईने गोदामाला नकार कळवला, मला साबणाने धुतले आणि माझ्या काड्यांना तेल घातले.

साथ ओसरल्यावर पाहुण्यांची पहिली तुकडी आली. आपल्या बहिणीला घेऊन कचेरीतल्या मॅडमही आल्या होत्या. पायऱ्यांवर फोटोची वेळ झाली. ताईने सवयीने मला मॅडमपुढे धरले आणि त्यांचा फोन मागितला. त्यांनी तो दिलाच नाही.

“फोटो मी काढते. तुम्ही उभ्या राहा छत्रीखाली. पुन्हा कधी पुरावा लागला तर?”

त्या फोटोत ताई पहिल्यांदाच माझ्याखाली उभी आहे. पिवळे ठिगळ अगदी समोर आहे, आणि ते मी मुद्दाम समोर ठेवले आहे.

मित्रांनो, फाटलेली वस्तू लगेच टाकू नका, आधी शिवून पाहा. आणि तुमच्या घरात नेहमी फोटो काढणारे जे कोणी असेल, त्याला आज एकदा मधोमध उभे करा. सावली धरायला मी आहेच.