ओळंब्याखालचं डोकं

“विजीला नगरला शिकायला पाठव. वचन दे.” नवऱ्याचं हे शेवटचं बोलणं. रंगुबाईनं मान हलवली होती. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून तिला ना भूक कळे, ना रडू येई. सोमवारचा उपास तेवढा चुकला नव्हता.

पाथर्डीच्या मारुतीपुढं ओळंबेबाबाभोवती ही गर्दी! गवंड्याचा पितळी ओळंबा बाबा दोऱ्यानं डोक्यावर धरी. बाप्याच्या डोक्यावर तो गरगर फिरे. बाईच्या डोक्यावर गपगार.

“बाप्याचा मेंदू जातं, बाईचा पाटा! जातं फिरतं, पाटा पडून ऱ्हातो!”

“आन् जातं फिरवतंय कोन? तुजा बाप?” गर्दीतली छबूबाई ओरडली. हशा झाला, पण रंगुबाईच्या लेकीच्या, विजयमालेच्या डोक्यावर ओळंबा हलला नाही.

सासरे सूर्यभान म्हणाले, “बघ सूनबाई. सातवीची फायनल पास झाली, पर डोकं फिरत न्हाई. वैशाखात उजवून टाकू.”

“बरं,” रंगुबाई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

शाळेच्या मरियमबाई पुढं झाल्या. “बाबा, माणसं झाकली तर बाई-बाप्या ओळखाल?”

“झाका की! ओळंब्याला पडदा कसला?”

बाबाला पाठमोरं उभं करून बाईंनी चौघांना बसवलं, वर घोंगड्या टाकल्या. हाताला धरलं तशी त्या चौघांत रंगुबाईही बसली.

बाबा प्रत्येकापुढं म्हणे, “आतनं हात जोडा!” पहिल्या घोंगडीवर ओळंबा गप्प. “बाई!” निघाली छबूबाई. दुसरीवर गरगर. “बाप्या!” निघाला मच्छिंद्र. तिसरी बन्सीची बायको, तीही बरोबर. चौथीवर ओळंबा भिंगरीसारखा फिरला.

“बाप्या! लई हुशार, वकिलाचा मेंदू!”

घोंगडी निघाली. आत रंगुबाई.



“हात जोडताना बांगड्या वाजल्या की बाई, न वाजल्या की बाप्या,” मरियमबाई हळूच म्हणाल्या. “बाबा डोकं मोजत नव्हते, मनगटं ऐकत होते. ओळंबा फिरतो तो बोटांनी.” त्यांनी तो बाबाकडून घेऊन विजयमालेच्या हाती दिला. तिनं सूर्यभानांच्या डोक्यावर धरला. गपगार.

“आजोबा, पाटा!” ती म्हणाली.

रंगुबाई आपल्या बिनबांगड्यांच्या मनगटांकडं बघत राहिली. चार महिन्यांत तिनं ती बघितलीच नव्हती.

“रंगूताई, देव तुमचा, उपास तुमचा,” मरियमबाई म्हणाल्या. “पण माणूस सांगेल ते आधी पारखावं, मग मानावं. देवानं बुद्धी वाटताना बांगड्या नाही बघितल्या.”

सोमवारी पूजा आटोपून रंगुबाईनं लेकीची वळकटी डोक्यावर घेतली.

“कुठं?” सूर्यभानांनी ओट्यावरून विचारलं.

“नगरला.” डोळे कोरडेच होते. विजीला पुढं घालून ती मोटारीच्या अड्ड्याकडं चालू लागली.