शेवट नसलेलं पुस्तक

कुणी मला विचारलं, "ताई, काय वाचू?" तर मी त्याला काय आवडतं हे कधीच विचारत नाही. आवडीबद्दल माणसं सर्रास थापा मारतात. मी विचारते, अर्धवट काय सोडलंस? त्यावरून माणूस कळतो. शिवणाच्या कारखान्यात मी कापड बेतते, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी डब्यांइतकीच पुस्तकं उघडतात. बटणं लावणाऱ्या बाईला मी एकदा दीपगृहाच्या राखणदाराची कादंबरी दिली, तर तिने माझ्याशी अबोला धरला. त्यातला कुत्रा मरतो म्हणून! तेव्हापासून कुत्र्याचं पुस्तक द्यायचं झालं की मी आधीच बजावते.

पण माझा खरा वाचक म्हणजे माझा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला छोटू म्हणतात, अंगाने मात्र दाराएवढा. उंच इमारतींच्या बांधकामावर तो क्रेन चालवतो. वर काचेच्या केबिनमध्ये एकटाच. खाली माल भरेपर्यंत पुस्तक उघडायचं, ही त्याची जुनी सवय. परत करताना तो भांडायचाच. "या लेखकाने जन्मात कधी घमेलं उचललेलं नाही," असं काहीतरी. त्या भांडणाच्या लोभानेच मी त्याला पुस्तकं द्यायचे.

मग तो भांडेनासा झाला. "छान होतं," म्हणायचा आणि पुस्तकाची पिशवी हातात द्यायचा. पुढच्या वेळीही छान. त्याच्या पुढच्याही. एक कादंबरी तर मी मुद्दाम भिकार निवडली होती. तिच्याबद्दलही तो म्हणाला, "छान होतं गं."

तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी वाटलं, माझ्यावर रागावलाय. मग वाटलं, नवरा-बायकोत काही बिनसलंय, कारण मी घरात पाऊल टाकलं की भावजय बोलता बोलता गप्प व्हायची आणि उगाच ओटा पुसायला घ्यायची. एकदा बाजारात तो समोरून आला, मी हात केला, तर सरळ पुढे निघून गेला. विचारलं तर म्हणाला, "तंद्रीत होतो." कसली तंद्री? दुसरी कुणी बाई की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला संशयाला खाद्य कमी पडत नाही.

शेवटी मी त्याला एक रहस्यकथा दिली. बांधणीतच तिची शेवटची पानं गळाली होती. खुनी कोण हे कळायच्या ऐन वेळी पुस्तक संपत होतं. मी स्वतः ती वाचून दुकानदाराशी कडाडून भांडले होते. छोटूने ती परत आणून दिली.

"शेवट कसा वाटला?" मी विचारलं.

"झकास."

"खून कुणी केला रे?"

"तूच वाचलंयस ना? मग मला काय विचारतेस?" तो चपला शोधू लागला. नजर जमिनीवर होती, पण चपला त्याने पायाने चाचपून शोधल्या.

त्या चाचपण्याने मला झोप लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या कामावर गेले. फाटकाशी उभं राहून पाहिलं. काँक्रीटची बादली वरून खाली येत होती, आणि खाली उभा असलेला सिग्नलवाला वॉकीटॉकीवर अखंड बोलत होता. "आणखी थोडी... डावीकडे घे... हळू... बस, बस!" हा माणूस पूर्वी नुसत्या हाताने खुणा करायचा.

बादली टेकल्यावर मी त्याला गाठलं. "आता हाताने खुणा नाही करत?"

"असंच बरं पडतं, ताई," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "वर धूळ फार असते."

धूळ? पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले मोजे मला तिथून दिसत होते.

संध्याकाळी मी पुन्हा तिथे गेले. छोटू कामावरून सुटून फाटकाबाहेर आला. मी म्हटलं, "तुला दिसत नाही."

तो फाटकाला टेकला. मग म्हणाला, "कडेचं सगळं दिसतं. जिथे बघावं तिथेच धुकं येतं. तुझ्याकडे बघतो तेव्हा तुझे कान दिसतात, तोंड नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं तर खाली उतरवतील. ताई, मला दुसरं काही येत नाही."

"खाली माणसं असतात, छोटू."

"तो आहे ना सांगायला!"

"आणि तो बंद पडला तर? वॉकीटॉकी?"

मी म्हटलं, उद्या वर चढायच्या आधी तूच साहेबांना सांग. त्याने मान डोलावली. माझा विश्वास बसला नाही.

आणि झालंही तसंच. सकाळी मी वाट वाकडी करून तिकडून गेले, तर क्रेनचा हात आभाळात फिरत होता. कुंपणाच्या पाटीवर सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर होता. मी तो लावला, बोलले, आणि कारखान्यात जाऊन एक अख्खा तागा उलटा बेतला.

छोटूला त्याच दिवशी खाली उतरवलं. तपासणी झाली. उरलेली दृष्टी इंजेक्शनांनी टिकेल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीने त्याला गोदामात घेतलं. मला कुणी काही विचारलं नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

मग भावजय कारखान्यात आली. डोळे सुजलेले.

"ताई, त्यांना वाटतं फोन मी केला. बोलत नाहीत माझ्याशी."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. तुम्हीच असणार हे कळलं होतं मला. पण बहीण-भावाचं तुटलं तर ते एकटे पडतील, म्हणून..."

इतके दिवस ही त्याचे डोळे लपवत होती, आणि मी हिच्या गप्प होण्याचे भलतेच अर्थ काढले होते! कात्री ठेवली आणि तिच्यासोबतच निघाले.

छोटू खिडकीशी बसला होता. मी दारातूनच म्हटलं, "फोन मी केला होता. हिने नाही."

त्याने मान वळवली. थोडी तिरकी, कडेने दिसावं म्हणून. "बरं केलंस, असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"पुष्कळ दिवस नाही म्हणणार."

"चालेल."

मग तो बायकोच्या दिशेने बघू लागला. शेवटी उठला. "चहा मी टाकतो," म्हणाला आणि आत गेला. साखर सांडल्याचा आवाज आला. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.